सर्व्हर बंद केला तरी बिल चालूच? बघा की

नमस्कार मंडळी! सोलापुरात आता टॉवेल-चादरीवाले पण स्वतःची वेबसाइट क्लाऊडवर टाकायलेत, आणि मग विचारतात, रात्री सर्व्हर बंद ठेवला तर पैसे वाचतील का. लाइव्ह साइट बंद करू नका हं, गिऱ्हाईक रात्री अकरालाच मोबाईल घेऊन बसतंय. मी बोलतोय ते टेस्टिंगच्या सर्व्हरबद्दल, जो डेव्हलपर संध्याकाळी तसाच सोडून घरी जातो.

तर एडब्ल्यूएस, म्हणजे अ‍ॅमेझॉनचा क्लाऊड, त्याच्या ईसी२ मध्ये (भाड्याचे सर्व्हर) स्टॉप केलं की मशीनचं भाडं थांबतं, पण डिस्कचं थांबत नाही, कारण तुमच्या फायली तिथंच पडून असतात ना. आणि अ‍ॅझ्युरवाल्यांनी, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा क्लाऊड वापरणाऱ्यांनी, नीट ऐका, लय जण इथंच फसतात. आत लॉगिन करून शटडाऊन मारलं तर मशीन बंद दिसतं, पण मीटर चालूच! पोर्टलवरनंच स्टॉप करायचं, स्टेटसमध्ये डीअलोकेटेड, म्हणजे मशीन सोडून दिलं, असं आलं पाहिजे. डिजिटल ओशन या तिसऱ्या क्लाऊडवर तर ड्रॉपलेट (तिथला सर्व्हर) बंद ठेवला तरी पूर्ण बिल येतं, तिथं स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरची कॉपी, घेऊन डिलीटच करावा लागतो.

आता पॉज, म्हणजे हायबरनेट. चहाला जाताना माग थांबवला तर धागा मागावरच राहतो ना, तसंच, रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून ठेवतात आणि चालू केलं की तिथनंच पुढं. पण ईसी२ वर हे सेटिंग मशीन बनवतानाच ऑन करावं लागतं, नंतर होत नाही, आणि ६० दिवसांच्या वर ठेवता येत नाही. खरं सांगू, छोट्या साइटला याची गरजच नाही, साधा स्टॉप बास.

ईसी२ परत स्टार्ट केल्यावर साइट उघडत नाही म्हणून घाबरू नका, पब्लिक आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, बदललेला असतो आणि डोमेन जुन्याच पत्त्यावर बघत बसतं. इलास्टिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, लावा, पण तो फुकट नाही, १ फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, सर्व्हर बंद असला तरी. महिन्याचे साडेतीन डॉलरच्या वर झाले की ओ! रीबूटला मात्र आयपी तोच राहतो.

आयपी बरोबर असून पण साइट नाही आली तर एनजिनएक्स, म्हणजे साइट दाखवणारं सॉफ्टवेअर, आपोआप उठलं नसेल, सिस्टिमसीटीएल इनेबल एनजिनएक्स ही कमांड एकदा मारून ठेवा, म्हणजे मशीन चालू होताना ते आपोआप उठेल, कमांड स्क्रीनवर आहे.

आणि हो, ईसी२ मध्ये स्टॉप आहे त्याच मेनूत टर्मिनेट, म्हणजे मशीन कायमचं डिलीट, पण आहे, घाईत त्याच्यावर बोट पडलं तर मशीन गेलं, म्हणून टर्मिनेशन प्रोटेक्शन आजच ऑन करा.