रिकामा खण

(दृश्य: छापखाना, खिळ्यांची केस)

नाशिकच्या जुन्या वस्तीतील या छापखान्यात मराठीबरोबर हिंदी पत्रकेही जुळवली जात, कुंभमेळ्याच्या दिवसांत तर रात्रंदिवस. म्हणून इथल्या केसमध्ये ‘ल’चे दोन खण आहेत, एक पाकळीच्या ‘ल’चा, दुसरा दंडाच्या ‘ल’चा. खिळे जुळवणाऱ्या काकांच्या बोटांतला खिळा पाहा. आकार वेगळा, उच्चार तोच.

जिवाणूच्या डीएनएमध्येही असे जोडीचे खिळे असतात. ए, टी, जी, सी या चार अक्षरांतून तीन-तीन अक्षरांचे 64 शब्द, म्हणजे कोडॉन, होतात. त्यांतील 61 कोडॉन प्रथिने घडवणाऱ्या 20 अमिनो आम्लांसाठी आणि उरलेले 3 प्रथिनाच्या पूर्णविरामासाठी असतात. सेरीन या एकट्या आम्लाकडे 6 कोडॉन आहेत. मग त्यांतले काही खण रिकामे करता येतील का?

(दृश्य: काका एकेक खिळा बदलत आहेत)

2013 साली अमेरिकेतील संशोधकांनी ई. कोलाय जिवाणूमधील टीएजी हा पूर्णविराम सर्व 321 ठिकाणी काढून तेथे टीएए हा दुसरा पूर्णविराम बसवला. ब्रिटनमधील केंब्रिजच्या प्रयोगशाळेने याहून मोठा घाट घातला: सेरीनचे टीसीजी व टीसीए हे दोन कोडॉन आणि टीएजी यांच्या 18,214 जागा बदलून सुमारे 40 लाख अक्षरांचा जीनोम, म्हणजे जिवाणूचा संपूर्ण डीएनए-मजकूर, नव्याने रचला, त्याचे तुकडे जिवंत जिवाणूत टप्प्याटप्प्याने बसवले आणि 2019 मध्ये 64 ऐवजी केवळ 61 कोडॉनांवर जगणारा जिवाणू जगापुढे ठेवला. तो मूळ जातीपेक्षा सावकाश वाढतो, पण वाढतो. चिकाटीचे हे काम मला कोणत्याही चमकदार शोधापेक्षा मोठे वाटते. 2021 मध्ये हे खण वाचणारे रेणूही काढून टाकण्यात आले आणि रिकाम्या खणांत निसर्गातील विसांबाहेरची आम्ले बसवता आली. 2025 मध्ये कोडॉनांची संख्या 57 वर आली.

(दृश्य: महाविद्यालयाची प्रयोगशाळा, पेट्री डिश)

गंगापूर रस्त्यावरील या प्रयोगशाळेत गोदावरीचे गाळलेले पाणी साध्या ई. कोलायमध्ये मिसळून अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीवर, ओतले होते. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या दुधट थरात मोहरीएवढी स्वच्छ वर्तुळे उमटली. तेथील जिवाणू विषाणूंनी फोडले आहेत. विषाणू फक्त मजकूर घेऊन येतो, खिळे जिवाणूचेच वापरतो. खण रिकामा असला की मजकूर अर्ध्यावर अडतो. मात्र काही विषाणू स्वतःचे खिळे घेऊन येतात, हे निसर्गातील नमुन्यांतून दिसले. म्हणून 2023 मध्ये सेरीनच्या रिकाम्या खणांत मुद्दाम ल्युसीन हे वेगळेच आम्ल बसवण्यात आले, जेणेकरून विषाणूचा मजकूर छापला जाईल, पण चुकीचा.

असे जिवाणू बाहेर निसटू नयेत म्हणून कृत्रिम आम्लाविना न जगणाऱ्या जाती 2015 मध्येच तयार झाल्या आहेत.

(दृश्य: विद्यार्थिनी पेट्री डिश ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या भांड्यात, ठेवून झाकण आवळते)