मिरजेच्या छोट्या लाइनचं मूळ इंजिन, चोवीस पटींनी लहान

श्रोतेहो, नमस्कार.

मिरज जंक्शनवर एके काळी तीन मापांचे रूळ होते: ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज. त्यांतला सर्वांत अरुंद रूळ बार्शी लाइट रेल्वेचा. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला करत ही छोटी गाडी पंढरपूरला जायची. आता तिथे ब्रॉडगेज आहे. या रेल्वेच्या पहिल्या इंजिनाचं चालतं मॉडेल घरी कसं करता येतं, ते आज पाहू.

एव्हरर्ड काल्थ्रॉप या इंग्लिश इंजिनियरने ही लाइन उभी केली. कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ मध्ये सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज जोडलं गेलं. १९५४ मध्ये ती सरकारकडे आली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट: ७६२ मिलिमीटर. काल्थ्रॉपचा सगळा हिशेब एका आकड्यावर बेतलेला होता: इंजिन असो की वॅगन, एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, ५ टनांपेक्षा जास्त भार नाही. भार वाटला गेला की रूळ हलका चालतो, पूल हलके चालतात आणि खर्च आवाक्यात राहतो. पण ओढायची ताकद तर हवी. म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्याने ०-८-४ मांडणीचं टँक इंजिन, म्हणजे पाण्याच्या टाक्या स्वतःवरच वाहणारं इंजिन, बांधलं: पुढे एकमेकांना जोडलेली आठ चाकं, मागे बोगी, म्हणजे इंजिनाखालचा वळू शकणारा चार चाकांचा छोटा गाडा. इकडे पाठवण्याआधी, १८९६ मध्ये, लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून इंजिन आणि डबे चालवून दाखवले गेले. त्या काळी हे फार धाडसाचं काम होतं, आणि ते जमलं.

मॉडेलसाठी १:२४ हे प्रमाण घ्या. ७६२ भागिले २४ म्हणजे ३१.७५, आणि मॉडेल रेल्वेतला ओ गेज नावाचा रूळ ३२ मिलिमीटरचा मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. १:८७ मध्ये ९ मिलिमीटरचा रूळ चालतो, पण आठ जोडचाकांचं पहिलंच काम इतक्या लहान मापात करू नये.

खरं काम चासीचं, म्हणजे चाकं बसवलेल्या खालच्या सांगाड्याचं. चार आसांची भोकं पाडण्यासाठी आधी एक जाड पोलादी टेम्प्लेट, म्हणजे भोकांचा नमुना, करा आणि फ्रेमच्या २ मिलिमीटर पितळी पट्ट्या व चाकांना एकमेकांशी जोडणारे दांडे, म्हणजे कपलिंग रॉड, दोन्ही त्याच टेम्प्लेटवरून ड्रिल करा. वेगवेगळं मोजून पाडलेली भोकं कधीच जुळत नाहीत. रॉड अखंड ठेवू नका. तीन तुकडे क्रँकपिनवर, म्हणजे चाकावरच्या ज्या खिळीत रॉड बसतो तिच्यावर, सांधा, म्हणजे प्रत्येक आस थोडा वरखाली होऊ शकतो. पिनच्या भोकाला ०.१ ते ०.२ मिलिमीटर ढील पुरे. डाव्या आणि उजव्या बाजूच्या पिनांत ९० अंशांचा फरक हवा. तो ८९ झाला तरी बिघडत नाही, मात्र चारही आसांवर तो अगदी सारखा पाहिजे. चाकं कुपवाड एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवाल्याकडून एकाच सेटिंगमध्ये कातून घ्या.

मोटर लावण्याआधी चासी काचेवर हाताने ढकलून पाहा. पिन आसांच्या रेषेत आली की दर वेळी अडकत असेल, तर रॉडची लांबी चुकली आहे. अशा वेळी सगळी भोकं मोठी करत बसू नका; एकेक तुकडा काढून नेमका दोषी शोधा.

आता वळण. पहिल्या ते चौथ्या आसाचं अंतर ११० मिलिमीटर आणि वळणाची त्रिज्या १ मीटर धरली, तर मधल्या दोन आसांना सुमारे १.३ मिलिमीटर बाहेर सरकावं लागतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आसाला बाजूची ढील द्या, पहिला आणि चौथा घट्ट ठेवा. उलट केलंत तर इंजिन सरळ रुळावरही डोलतं.

वजनाच्या बाबतीत काल्थ्रॉपचा नियम मॉडेलला तसाच लावता येत नाही. त्याने बोगीलाही भाराचा वाटा दिला; आपल्याला मात्र जवळजवळ सगळा भार जोडचाकांवर हवा, नाहीतर चाकं जागेवर फिरतात. बोगीची स्प्रिंग फक्त तिला रुळावर धरून ठेवण्याइतकी नरम असावी. कडक स्प्रिंग चौथा आस उचलते, आणि लोक उगाच मोटरला दोष देतात. इंजिन एका गोल सळईवर आडवं तोलून पाहा. तोल दुसऱ्या आणि तिसऱ्या आसाच्या मधोमध आला पाहिजे. शिसं टाक्यांमध्ये लपवता येतं. पण शिशाचे छर्रे पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवू नका. त्यात शिशावर क्षार धरतो, तो फुगतो आणि काही महिन्यांत टाकीचा सांधा उघडतो. इपॉक्सीच वापरा, आणि शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

बॉडीला अर्ध्या मिलिमीटरचा पितळी पत्रा पुरतो. सोल्डर झाल्यावर फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावा म्हणून लावलेलं रसायन, कोमट पाण्याने, ब्रशने, कोपऱ्याकोपऱ्यातून धुऊन काढा. पावसाळ्यातल्या दमट हवेत राहिलेला फ्लक्स रंगाखालून हिरवा फुटतो, आणि मग सगळा रंग खरवडावा लागतो. धुऊन, पूर्ण वाळवून, मगच प्रायमर मारा.

नमस्कार.