शेजारच्या सीटवरचा माणूस

(नागपुरातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय तुम्हीच दिलाय: करोनानंतर प्रवास कसा बदलला. त्याचं एक ठरलेलं उत्तर आहे, ते आधी देऊन टाकतो. लोक घरात कोंडले गेले, दार उघडताच सुटले, आणि तेव्हापासून सगळे फिरूनच राहिले आहेत. ताडोब्याचं बुकिंग मिळत नाही, दिवाळीत पुण्याचं तिकीट मिळत नाही. खोटं नाही ते. सहली काढणं हाच माझा धंदा, गर्दीची तक्रार मी कशाला करू? पण मला त्या गर्दीत दुसरंच काही दिसतं. माणूस आता आपल्या माणसांपुरता प्रवास करू पाहतो. शेजारी अनोळखी कोणी नको. आणि ज्याला हे परवडत नाही, त्याचा प्रवास मधल्या काळात महाग होऊन बसला.

नागपूरकराला हे इतरांपेक्षा जास्त जाणवायला पाहिजे. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन्ही लोहमार्ग आपल्याकडे एकमेकांना छेदतात. अर्धा देश आपल्या दारावरून जातो. भोपाळची मावशी लेकीकडे चेन्नईला निघाली की आदल्या दिवशी फोन यायचा, ‘जीटी एक्स्प्रेसने चालली आहे, नागपूरला थांबते ना?’ झालं. घरात पोळ्यांची कणीक मळली जायची. बटाट्याची सुकी भाजी, ठेचा, लोणच्याची फोड वेगळ्या पुडीत, हिवाळा असला तर संत्र्यांची पिशवी. प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं, डबा कुठे लागतो ते हमालाला विचारायचं आणि उभं राहायचं. गाडी थांबणार पाच-दहा मिनिटं. तेवढ्यात पाया पडणं, पोरगं केवढं झालं ते पाहणं, खिडकीतून भरला डबा आत, मागच्या वेळचा रिकामा डबा बाहेर. गाडी हलल्यावर मावशी त्यातल्या दोन पोळ्या समोरच्या बर्थवरच्या तेलुगू बाईला देणार, हे आपल्याला ठाऊक असायचं, म्हणून पोळ्या मोजून नसायच्याच.

2020 मध्ये गाड्या हळूहळू सुरू झाल्या तेव्हा स्टेशनात फक्त गाडीचं तिकीट असलेल्याला सोडत. बरोबरच होतं ते. पण तेव्हा जे मोडलं ते मोडलंच. आता मावशी मोबाइलवर जेवण मागवते, सीटवर गरम येतं. सोयीचं आहे. भाचा तेवढा भेटत नाही.

आता त्याच रेल्वेचं दुसरं सांगतो, हे तुमच्या खिशाचं आहे. 20 मार्च 2020 पासून ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली. 60 वर्षांवरच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 वर्षांवरच्या बायकांना 50 टक्के सूट होती. कारण तेव्हा सांगितलं होतं की म्हाताऱ्या माणसांनी विनाकारण प्रवास करू नये. करोना गेला, गाड्या भरल्या, सवलत काही परतली नाही. मूळ भाडं 1,000 रुपये धरा. पूर्वी नवरा-बायकोचे मिळून 1,100 व्हायचे, आता 2,000. काशीला जाऊन यायचं तर जाताना तेवढे, येताना तेवढे. माझ्याकडे नाव नोंदवून मग फोन करून ‘यंदा राहू द्या’ म्हणणारे जे लोक आहेत, त्यांचे गुडघे नाही दुखत. त्यांचा हिशोब जमत नाही.

पॅसेंजरचं त्याहून वाईट झालं. गाड्यांच्या नंबरापुढे शून्य लागलं, सगळ्या ‘स्पेशल’ झाल्या, जनरलचं तिकीट खिडकीवर मिळेना. पुढे पॅसेंजर सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्याने. कमीत कमी तिकीट 10 रुपयांचं होतं ते 30 झालं. काटोलहून, रामटेकहून रोज कामाला येणाऱ्या माणसाला विचारा हे काय असतं. ते भाडं 2024च्या फेब्रुवारीत पुन्हा खाली आलं. लक्षात घ्या, 2020च्या मे महिन्यात हैदराबादच्या रस्त्याने डोक्यावर बोचकं घेऊन उन्हात चालत जाणारे जे लोक आपण पाहिले, पांजरी टोल नाक्यावर ज्यांना नागपूरकरांनी जेवू घातलं, ते याच जनरल डब्यातले लोक. त्यांना वाट काढून दिली आपण, आणि नंतर त्यांचाच डबा सर्वांत शेवटी उघडला.

एसटीने मात्र उलटं केलं, आणि याचं कौतुक पुरेसं झालं नाही असं माझं मत आहे. संपामुळे ऑक्टोबर 2021 पासून कित्येक महिने लालपरी आगारात उभी होती. लोकांना वाटलं, गेली आता. मग ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षांवरच्यांना प्रवास फुकट झाला आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. गणेशपेठच्या बसस्टँडवर सकाळी जाऊन उभे राहा. चार-पाच जणी, पिशवीत दशम्या, शेगावला निघालेल्या. माहूरला निघालेल्या. बरोबर पुरुष नाही एकही. पूर्वी यांना घेऊन जाणारं कोणी मिळेपर्यंत थांबावं लागे. आमच्या धंद्याचं म्हणाल तर एसटीने आमची शेगावची सहल पार बुडवली! (हशा) बुडू द्या.

करोनानंतरच्या प्रवासातला हा बदल कुठल्याही पर्यटनाच्या भाषणात येत नाही. तिथे येतो समृद्धी महामार्ग.

तर समृद्धी. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर–शिर्डी 520 किलोमीटरचा पहिला टप्पा उघडला, आणि 5 जून 2025 ला शेवटचा तुकडा होऊन मुंबईपर्यंतचा 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. वेळ अशी साधली की लोकांना नुकतीच आपापल्या गाडीची चटक लागलेली. आजाराच्या भीतीने गाडी घेतली, भीती गेली, गाडी राहिली, वर हप्ते राहिले. पहाटे नागपूरजवळच्या शिवमडक्याहून, जिथे हा रस्ता सुरू होतो, निघालेला माणूस दुपारच्या जेवणाआधी शिर्डीत. गुरुवारी रात्री ठरतं, शुक्रवारी निघतात. चार महिने आधी रजा टाकून तिकीट काढणारा गृहस्थ दिसेनासा झाला. रेल्वेनेसुद्धा नोव्हेंबर 2024 पासून आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 वर आणली. आगाऊ पैसे भरायला तर कोणी तयारच नाही. 2020 मध्ये विमानाच्या तिकिटांचे पैसे कसे अडकले होते आठवतं ना? परताव्यासाठी सुप्रीम कोर्टाला आदेश द्यावा लागला. तो धडा लोक विसरलेले नाहीत.

पण त्या रस्त्यावर मी रात्रीची गाडी काढत नाही. 1 जुलै 2023 ला नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ पेटली, 25 जण गेले. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना काही नाही, एका लयीत गाडी चालते आणि डोळा लागतो. सुरुवातीला तर मैलोन् मैल चहा मिळत नव्हता. चहा म्हणजे चैन नाही हो, ड्रायव्हरच्या तोंडावर पाणी मारायचं निमित्त असतं ते.

पुण्याचं निघालंच आहे तर सांगतो. तुमच्यातल्या निम्म्यांची पोरं तिकडे आहेत. करोनात ती लॅपटॉप घेऊन घरी आली, माजघरात बसून काम केलं, आणि आयांना वाटलं आता असंच चालेल. नाही चाललं. आता ती येतात सणाला, आणि खासगी बसवाले भाडं असं लावतात की विमान स्वस्त वाटावं. एसटीच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये असा सरकारी नियम 2018 पासून आहे; तो दिवाळीत कुठे जातो कोण जाणे. 10 ऑगस्ट 2025 ला अजनी–पुणे वंदे भारत सुरू झाली. जवळपास 12 तास, तेही बसून. तरुणांना ठीक आहे. तुम्ही-आम्ही कंबर सांभाळून ठरवावं.

ताडोब्यात हाच ‘आपल्यापुरता’ प्रवास अगदी जवळून दिसतो. पूर्वी मोहर्लीच्या गेटवर पहाटे दोन अनोळखी कुटुंबं एकत्र करून एक जिप्सी व्हायची. सहा जण. खर्च वाटून जायचा, आणि पुढच्या सीटवरचा माणूस ‘ते पाहा’ म्हणून हात करायचा तेव्हा मागच्यालाही वाघ दिसायचा. आता तिघंच असले तरी म्हणतात, पूर्ण गाडी आमची पाहिजे. पैसे आहेत, ठीक आहे. मात्र ज्या दोघांना पूर्ण जिप्सी झेपत नाही, त्यांना जोडीदार मिळत नाही म्हणून ते बाहेरच्या ढाब्यावर पोहे खाऊन परत येतात.

एक बरं झालं. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, ताडोब्याचा गाभा, म्हणजे आतलं जंगल, बंद असला तरी त्याच्याभोवतीच्या बफर जंगलाचे गेट चालू असतात, आणि आता लोक खरोखर पावसात जायला लागले आहेत. वाघ दिसो न दिसो, मोहाची ओली झाडं पाहून येतात. पेंचला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखलेलं जंगल, म्हणून मान्यता मिळाली. तिथे नुसते तारे पाहायला जाणारी मंडळी आहेत. करोनाआधी मी अशी सहल काढली असती तर लोकांनी विचारलं असतं, ‘काऊन भाऊ, गच्चीवर तारे नाहीत का?’

आमच्या सहलीत मी एक नियम ठेवलाय. बसमधल्या जागा रोज बदलतात. आज जो तुमच्या शेजारी, तो उद्या नाही. जेवायला वेगळं टेबल मागायचं नाही. पहिला दिवस कुरकुर असते. कोणाला खिडकी हवी, कोणाला बायकोशेजारीच बसायचं असतं, एकाला तर घोरणाऱ्याची भीती दिवसासुद्धा वाटत होती. दुसऱ्या दिवशी औषधांच्या गोळ्या सारख्या निघतात, तिसऱ्या दिवशी गावंही सारखी निघतात. कोणी आर्वीचा, कोणी त्याच्या शेजारच्या गावचा. ज्यांना हे जमणार नाही त्यांना मी पैसे घेण्याआधीच सांगतो: भाऊ, तुम्ही आपली गाडी काढा, समृद्धी मोकळीच आहे.