उजव्या बाजूचं डिफरन्शियल

(दृश्य: गोव्यात डिचोलीबाहेरचं एक गॅरेज. पत्र्याच्या शेडखाली चाकं काढलेली जीप, चेसिसखाली लाकडी ठोकळे. पावसाचा आवाज.)

ही महिंद्राची एमएम ५४०. इंजिन प्यूजोचं, २११२ सीसीचं डिझेल. अजून पहिल्या सेल्फला सुरू होतं. जुनी जीप दिसली की लोक आधी इंजिनाबद्दल विचारतात. या जीपबाबत तो प्रश्नच नाही. प्रश्न चेसिसच्या खाली आहे.

आरसी बुकात ही गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे. प्रत्यक्षात पुढे नुसता बीम, म्हणजे चाकांना ताकद न देणारा आडवा दांडा. पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा ट्रान्सफर केस नाही, ती ताकद पुढच्या एक्सलपर्यंत नेणारा प्रोपेलर शाफ्ट नाही, आणि मागचा एक्सल कुठल्यातरी टू-व्हील, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना देणाऱ्या जीपचा. कागदावर आहे तशी गाडी पुन्हा उभी करायची, तर गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतचं सगळं बदलायला हवं.

हे असं कसं झालं, हे या पट्ट्यात फारसं कुणी विचारत नाही. डिचोली, साखळी, उसगाव हा खाणींचा मुलूख. खाणीवर जीप लागायचीच. सुपरवायझरला, सर्व्हेवाल्यांना, डिझेलचे कॅन न्यायला. २०१२ साली खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झाल्यावर परत थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले, जीपा मिळेल त्या भावाला गेल्या. नव्या मालकाला फोर-व्हील कशाला हवं होतं? बाजाराला जायचं, पोतं आणायचं. पुढचा एक्सल विकला, वजन कमी झालं, चार पैसे सुटले.

आताच्या मालकाला ते चार पैसे उलटे मोजावे लागतायत.

(दृश्य: गॅरेजमागची मोकळी जागा. गंजलेल्या एक्सल हाउसिंगची रास. मेस्त्री पायानं एकेक हलवून बघतो.)

मालक तरुण आहे, साखळीचा. मोबाइलवर त्यानं एक एक्सल पसंत करून ठेवलाय. जीपचाच, पाट्यांवर बसणारा, चाकाचे पाच बोल्ट, त्यांचं वर्तुळ साडेपाच इंचांचं. फोटोत सगळं बरोबर. मेस्त्रींनी फोटो बघितला आणि मोबाइल परत दिला.

“डिफरन्शियल मधोमध हा रे. आमकां उजवीकडचो जाय.”

डिफरन्शियल म्हणजे एक्सलवरचा तो फुगीर गोळा, शाफ्टची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा. मेस्त्रींना तो उजवीकडे असलेला एक्सल हवाय. इथे थोडं थांबायला हवं, कारण जुन्या जीपच्या बाबतीत पैसे बहुतेक इथेच बुडतात.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला जो ट्रान्सफर केस होता, स्पायसर १८, त्यात ताकद गिअरबॉक्सच्या सरळ रेषेतून पुढे-मागे जात नाही. गिअरांमधून ती उजवीकडे सरकते आणि तिथून एक शाफ्ट पुढच्या एक्सलला, एक मागच्याला जातो. म्हणून दोन्ही डिफरन्शियल मध्यापासून उजवीकडे. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, तेव्हा हा सगळा पसारा त्याच्या विरुद्ध बाजूला होता. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आलं, ट्रान्सफर केस मात्र तोच राहिला. त्यामुळे आपल्या जीपमध्ये डिफरन्शियल ड्रायव्हरच्या बाजूला येतं. जीप नदीत घालताना कुठला दगड कुठल्या बाजूला सोडायचा, हे जुन्या ड्रायव्हरांना यावरूनच ठाऊक असतं.

टू-व्हील जीपला ट्रान्सफर केस नसतो. शाफ्ट गिअरबॉक्समधून सरळ मागे जातो, म्हणून तिचं डिफरन्शियल मधोमध. दोन्ही एक्सल एकाच घराण्यातले. पाटे बसतात, चाकं बसतात, ब्रेकचे ड्रमही बसू शकतात. चुकतं ते एवढंच की प्रोपेलर शाफ्ट तिरका होतो. वरून खाली तिरका चालतो, ती सवय त्याला असते. बाजूलाही तिरका झाला की दोन्ही टोकांच्या क्रॉसवर, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्यांवर, जादा कोन येतो. गाडी चालते. चाळिसाच्या पुढे थरथरते आणि मग क्रॉस खायला लागते.

दुसरा घोळ आत आहे. मधोमध डिफरन्शियल असलेल्या एक्सलचे दोन्ही शाफ्ट जवळपास सारखे. उजवीकडच्यात मात्र उजवा आखूड आणि डावा लांब. दुकानात जाऊन ‘जीपचा मागचा एक्सल शाफ्ट द्या’ म्हटलं की दुकानदार जो देईल तो तिसऱ्याच गाडीचा निघतो. बाजू सांगायला हवी, लांबी सांगायला हवी, आणि दाते सांगायला हवेत.

(दृश्य: शाफ्टचं टोक, जवळून. चिंधीनं पुसून काढलेले दाते. एका दातावर खडूची खूण.)

“पयलीं दांत मेज, मागीर पयशे दी.” आधी दाते मोज, मग पैसे दे, हे मेस्त्रींचं बोलणं गिऱ्हाइकाला तोंडपाठ झालंय.

शाफ्टच्या टोकाला ज्या उभ्या खाचा असतात त्यांना सगळे स्प्लाइन म्हणतात. या खाचा डिफरन्शियलच्या आतल्या गिअरमध्ये घुसतात आणि सगळी ताकद तिथून चाकाकडे जाते. स्पायसरच्या, म्हणजे पुढे डाना नावानं ओळखल्या गेलेल्या कंपनीच्या एकट्या ४४ नंबरच्या एक्सलमध्येच १० दात्यांचे, १९ दात्यांचे आणि ३० दात्यांचे शाफ्ट झाले. बाहेरून हाउसिंग बघून आतलं काही कळत नाही.

मोजायची रीत साधी. एका दातावर खडूनं खूण करायची, तिथून सुरू करून तिथवर यायचं. मग व्हर्निअरनं बाहेरचा व्यास घ्यायचा. मग दाताचा आकार बघायचा. जुन्या शाफ्टांत दाते सरळ भिंतीचे, नंतरच्यांत बाकदार. आकडा जुळला पण व्यास चुकला, तर शाफ्ट जात नाही, हे बरं. व्यासही जवळ आला आणि आकारच वेगळा असला तर तो हातोडीनं जातो. हे वाईट. कारण मग भार मोजक्या दातांच्या कडांवर येतो आणि पहिल्याच चढावर कडा सोलून निघतात.

शाफ्टचं बाहेरचं टोकही बघावं लागतं. जुन्या मागच्या एक्सलला ते निमुळतं असतं. त्यावर हब, म्हणजे चाक बसतं ती बैठक, चावीनं आणि नटानं आवळलेलं. ते काढायला पुलर लागतो आणि तरीही ते सहजी सुटत नाही. नंतरच्या शाफ्टना चाकाची फ्लँज, म्हणजे चाक जोडायची चकती, अंगचीच असते. हाउसिंगचं तोंड, बेअरिंग, सील, सगळं त्याप्रमाणे बदलतं. अर्धं याचं, अर्धं त्याचं असं जमत नाही.

(दृश्य: कोल्हापूर, उद्यमनगर. लेथवर फिरणारा पोलादी बार.)

डावा लांब शाफ्ट गोव्यात मिळाला नाही. चोर्ला घाट चढून बेळगावला विचारलं, मग कोल्हापूर. उद्यमनगरात लेथवाल्यांची कमी नाही. इथे दोन सल्ले मिळाले. एकानं म्हटलं, दोन शाफ्ट कापून जोडून देतो, संध्याकाळपर्यंत घेऊन जा. दुसऱ्यानं म्हटलं, ईएन २४चा बार घ्या, नवीन काढू, दाते पाडू, मग उष्णता प्रक्रियेला पाठवू, वेळ लागेल.

पहिला सल्ला स्वस्त आहे आणि माझ्या मते गुन्ह्याच्या जवळ जाणारा आहे. एक्सल शाफ्ट मुद्दाम कडक केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगची उष्णता त्या जोडाच्या आजूबाजूचा कडकपणा घालवते, शिवाय जोडालगतची कड ठिसूळ होऊ शकते. शाफ्ट तुटतो तो नेमका याच जागी. आणि या जुन्या निमुळत्या शाफ्टमध्ये हब शाफ्टवरच आवळलेलं असल्यामुळे तुकडा सुटला तर चाकही त्याच्याबरोबर बाहेर पडू शकतं. मालकानं दुसरा सल्ला घेतला. ईएन २४ म्हणजे निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद. असल्या कामाला लेथवाले हेच नाव आधी घेतात. ईएन ८ स्वस्त पडतं, पण ते इथे पुरेसं नाही.

(दृश्य: पुन्हा गॅरेज. मागचं एक चाक हवेत, एक जमिनीवर. मेस्त्री चाक हातानं फिरवतो. मालक प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजतो.)

आता रेशो.

डिफरन्शियलमधल्या मोठ्या गिअरवर, म्हणजे क्राउनवर, आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरवर, म्हणजे पिनियनवर, किती दाते, यावर शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरेल ते ठरतं. महायुद्धानंतरच्या विलीज जीपांत पिनियनला ८ आणि क्राउनला ४३, भागाकार ५.३७५, म्हणून सगळे ५.३८ म्हणतात. ३९ आणि ८ असले तर ४.८८. ४७ आणि ११ असले तर ४.२७. हाउसिंग न उघडता कळतं ते असं: एक चाक जमिनीवर ठेवायचं, दुसरं उचलून दोन पूर्ण फेरे फिरवायचं. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट पाच पूर्ण फेरे आणि वर एक तृतीयांशापेक्षा थोडं जास्त फिरला, तर ५.३८.

मालकाला ४.२७ हवं होतं, कारण हायवे. हिशेब त्याचा बरोबर होता. ६.०० बाय १६चा टायर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जातो. टॉप गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला ५.३८वर इंजिन मिनिटाला सव्वातीन हजारांच्या आसपास फिरतं, ४.२७वर २६००च्या आसपास. कानांना आणि डिझेलला हा फरक मोठा आहे.

पण पुढचा एक्सल जो मिळाला तो ५.३८चा होता.

या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. फोर-व्हील टाकलं की दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरणार म्हणजे फिरणारच. मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ असं बसवलं, तरी मागचं चाक १०० फेरे मारतं तेव्हा पुढचं ९१ मारू बघतं. चिखलात चाक घसरून तेवढं भागतं. डांबरावर घसरायला जागा नसते. ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, ट्रान्सफर केसच्या गिअरांत साठत जातो आणि जे सगळ्यांत कच्चं ते तुटतं. म्हणून दोन्हीकडे एकच आकडा. ४.२७ची जोडी दोन्ही एक्सलना घ्यायची तर खर्च दुप्पट, आणि क्राउन-पिनियन घासून एकमेकांशी जुळवलेले असतात, त्यामुळे सुटे विकत घेण्यात अर्थ नाही. मालकानं हायवे सोडला. माझ्या मते योग्य केलं. ही जीप चोर्ल्याच्या चढावर शोभते, आठपदरी रस्त्यावर नाही.

क्राउन-पिनियन बसवण्यात मेस्त्रींनी जो वेळ घातला तो चित्रात दिसत नाही. दातांना निळा रंग लावायचा, फिरवायचं, ठसा कुठे उमटतो ते बघायचं. ठसा दाताच्या टोकाला गेला तर शिम, म्हणजे अंतर जुळवायची पातळ चकती, बदलायचं आणि सगळं परत. मोकळी चाल इंचाच्या काही हजारांश भागात धरायची. घाई केली की गाडी ‘गाते’, आणि ते गाणं शेवटपर्यंत थांबत नाही.

(दृश्य: कुळे. दूधसागरच्या वाटेवर ओढा ओलांडणाऱ्या जीपा.)

पुढचा एक्सल कुठून आला? कुळ्याकडून. इथल्या जीपा भगवान महावीर अभयारण्यातून पर्यटकांना दूधसागरला नेतात, वाटेत पाण्यात उतरतात. पावसाळ्यात ही वाट बंद असते, म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाड्या उघडायच्या आणि भाग बदलायचे. एका मालकानं गाडी बदलली तेव्हा जुन्याचा एक्सल निघाला. असा एक्सल घेताना आधी तेलाचा नट सोडायचा. तेल दुधाळ चहासारखं निघालं की पाणी आत गेलंय, बेअरिंग गेलीच समजा. गरम एक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी ओढून घेते. जाणते लोक ब्रीदरला नळी जोडून तिचं टोक बॉनेटपर्यंत वर नेतात.

पुढच्या चाकाच्या नकलमध्ये, म्हणजे चाक जिथे वळतं त्या सांध्यात, जो जॉइंट असतो, त्याचेही वेगवेगळे प्रकार आहेत. युद्धातल्या जीपांतच बेंडिक्स, झेपा, ट्रॅक्टा आणि स्पायसर अशा चार तऱ्हा होत्या. या एक्सलमध्ये स्पायसरचा साधा क्रॉस निघाला. नशीब. तो कुठेही मिळतो.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. या जीपच्या आरसीवर फोर-व्हील आधीपासून आहे, इंजिन तेच आहे. म्हणजे काम मूळ रूपाकडे परतण्याचं आहे. टू-व्हीलच्या आरसीवर हेच केलं असतं तर आधी परिवहन खात्याकडे जाऊन विचारायला हवं होतं. यूट्यूबवर जे बघता त्यातलं बरंचसं या चाळणीतून जात नाही.

(दृश्य: जीप चाकांवर. लाल मातीचा रस्ता. मेस्त्री शेजारी बसलेत, मालक चालवतोय.)

फोर-व्हीलची पहिली चाचणी मातीवर, डांबरावर नाही. सरळ जाणं, वळणं, लो गिअर, पुन्हा हाय. मग उतरून एक्सलच्या नाकाला हात लावून बघणं: कोमट चालेल, हात ठेवता येऊ नये इतका गरम चालणार नाही. ईपी ९० तेल काही दिवसांत बदलायचं, कारण नवीन क्राउन-पिनियनचा सुरुवातीचा कीस त्यात उतरतो.

एक गोष्ट बाकी राहिली. पुढच्या डाव्या चाकाचा फ्री-व्हीलिंग हब, म्हणजे गरज नसताना चाक शाफ्टपासून सोडवणारा, मिळाला तो वेगळ्या दात्यांचा. तूर्त दोन्हीकडे साध्या फ्लँज बसवल्यात, त्यामुळे टू-व्हीलमध्येही पुढचे शाफ्ट फुकट फिरतात आणि थोडं डिझेल जास्त जातं. फोंड्याचा एक दुकानदार म्हणाला, आहे माझ्याकडे एक. मालकानं विचारलं, दाते किती?

दुकानदार मोजून सांगणार आहे.