मामा म्हणून कोण उभं राहणार?

(दृश्य : सिव्हिल लाइन्स, हिस्लॉप कॉलेजचं फाटक. कॉलेज सुटतंय.)

"हिस्लॉपला होतो" असं नागपुरात कितीतरी जण सहज सांगतात. कोण हा हिस्लॉप, असं विचारलं तर बरेच जण खांदे उडवतात. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी. तो १८४५ साली इथं आला, तेव्हा गादीवर भोसले होते. पुढच्याच वर्षी त्यानं शाळा काढली आणि १८६३ साली टाकळघाटजवळ पाण्यात बुडून तो गेला. त्याच्या नावाची पाटी आज सगळ्यांना दिसते. मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनाथ पोरांचं पुढं काय झालं, हे मात्र पाटीवरून कळत नाही. ही फिल्म त्या पोरांची आहे.

(दृश्य : दुष्काळाची जुनी छायाचित्रं.)

१८९६-९७ चा दुष्काळ. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती. गावंच्या गावं अन्नासाठी रस्त्याला लागली आणि मागं पोरं उरली. ठिकठिकाणच्या मिशनांनी ती उचलली. खर्च समुद्रापलीकडच्या चर्चमध्ये गोळा होणाऱ्या वर्गणीतून चालायचा.

पंडिता रमाबाई याच काळात मध्य प्रांतात हिंडल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. इथून सुमारे ३०० मुली आणि बायका त्यांनी पुण्याकडे नेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. मागं अमेरिकेतल्या देणगीदारांचा पैसा होता. पण मुलींना नुसतं जेवू घालून रमाबाई थांबल्या नाहीत. केडगावात छापखाना होता आणि तिथं मुली छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथंच छापलं गेलं. त्या काळी बाईला नाव लिहिता आलं तरी नवल होतं. या मुली अख्खा ग्रंथ उभा करत होत्या.

"पोट भरलं आणि धर्म बदलला", हा आक्षेप तेव्हाही होता. रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनावर 'केसरी'नं १८९३ मध्येच टीकेची झोड उठवली होती. आक्षेप हवेतला नव्हता. उपाशी लेकराच्या होकाराला होकार म्हणणं कठीणच. पण टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी एखादं पोर आपल्या घरात आणलं, हेही त्याच दमात विचारायला हवं.

(दृश्य : एका वर्कशॉपमध्ये पंख्याची मोटर उघडून बसलेले हात. चेहरा नाही.)

हे हात एका इलेक्ट्रिशियनचे. वयाच्या सहाव्या वर्षी मिशनच्या होस्टेलवर आले. वडील वारलेले, आई विटाभट्टीवर. म्हणजे कागदावर अनाथ, प्रत्यक्षात आई जिवंत. परदेशातलं एक कुटुंब त्यांच्यासाठी दरमहा पैसे पाठवायचं आणि वर्षातून दोनदा त्या कुटुंबाला पत्र जायचं. छापील कागद, त्यावर प्रश्न : आवडता विषय कोणता, आवडता खेळ कोणता.

"मी विटीदांडू लिहिलं. ताई म्हणाल्या, तिकडं ते समजवायला कागदावर जागा नाही, फुटबॉल लिही. मग दरवर्षी फुटबॉल."

दहावी झाली, आयटीआय झालं, हातात कसब आलं. त्याबद्दल ते एक शब्द वावगा बोलत नाहीत. लग्न ठरलं तेव्हा मात्र अडलं. अंतरपाट धरला की नवरदेवाच्या मागं मामा उभा लागतो. शेवटी होस्टेलचे स्वयंपाकी काका उभे राहिले.

"खरा मामा होता जी. शेजारच्याच तालुक्यात. पण बारा वर्षांत ना मला कुणी तिकडं नेलं, ना तो आला. पत्रात विचारायचे, तुला काय पाहिजे. मामा पाहिजे, असं कसं लिहिणार होतो?"

(दृश्य : रेल्वे स्टेशन, मग एसटीच्या खिडकीतून मागं पडणारी शेतं.)

संस्थेत वाढण्याचा परिणाम शास्त्रज्ञांनी मोजलेला आहे. रोमानियात २००० साली बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ बाळांवर अभ्यास सुरू झाला. निम्मी बाळं पालक कुटुंबांत गेली, निम्मी नेहमीच्याच व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाशी जुळणं सरस ठरलं. त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं जास्त. आपल्या होस्टेलांची स्थिती रोमानियाएवढी भयंकर नव्हती, हे मान्य. तरी एका ताईच्या वाट्याला तीस पोरं आली की जीव लावायचा म्हटला तरी किती लावणार?

आता दुसरा अभ्यास. 'कम्पॅशन इंटरनॅशनल' ही अमेरिकन ख्रिस्ती संस्था. १९५२ साली कोरियातल्या युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी ती सुरू झाली. भारतासह सहा देशांत तिच्या मदतीवर वाढलेल्या मुलांची, ती मोठी झाल्यावर, अर्थशास्त्रज्ञांनी पाहणी केली. निष्कर्ष २०१३ मध्ये आले : ही मुलं इतरांपेक्षा सुमारे एक ते दीड वर्ष जास्त शिकली आणि बऱ्या नोकरीत जाण्याचं प्रमाणही वाढलं. आम्हाला यात महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. ही मुलं अनाथालयात नव्हती. ती राहायची आपापल्या घरी आणि स्थानिक चर्चच्या केंद्रावर शिकायला, खेळायला यायची. रात्री झोपायला घर, सणाला नातेवाईक. पैसा तोच, समुद्रापलीकडचाच. आमच्या इलेक्ट्रिशियनच्या आईला तो मिळाला असता, तर मामा शोधावा लागला नसता.

भारतातलं 'कम्पॅशन'चं काम २०१७ मध्ये बंद झालं. परदेशी निधीचे नियम कडक झाले होते आणि २०२० मध्ये ते आणखी आवळले गेले. बाल न्याय कायद्यानं मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. २०१८ पासून राज्यात अनाथांना एक टक्का आरक्षण आहे, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. ज्याला आपलं गाव आठवत नाही, त्यानं पुरावे आणायचे कुठून?

(दृश्य : टेबलावर फायली, झेरॉक्सचे गठ्ठे, स्टॅपलर.)

या ताई पूर्वी पत्रं भाषांतरित करायच्या. फुटबॉल लिहायला सांगणाऱ्या त्याच. परदेशी मदत थांबली, तशी नोकरीही गेली. आता त्या सरकारच्या बालसंगोपन योजनेचे अर्ज भरून देतात, विनामोबदला. एक पालक गमावलेल्या मुलालाही घरीच राहून या योजनेतून दरमहा मदत मिळते. आज समोर एक आजी बसली आहे, सोबत नातू. मृत्यूचा दाखला आहे, रेशनकार्ड आहे, उत्पन्नाचा दाखला नाही.

"तलाठ्याकडून आणा, आजी," ताई सांगतात. "आणि याच्या मामाचा फोन नंबर असेल तर तोही सांगा, मी लिहून ठेवते."

अर्जात तसा रकाना नाही. त्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितात.