आधी पट्टी, मग लेन्स

मंडळी, "मिडियम फॉरमॅटवर मॅक्रो करायचंय, काय घेऊ?" असं कुणी विचारलं (मिडियम फॉरमॅट म्हणजे रुंद फिल्मचे कॅमेरे, मॅक्रो म्हणजे अगदी जवळून काढलेला फोटो) की मी उलट विचारतो, फोटो कशाचा काढणार? उत्तर येतं, फुलाचा. पण आपल्या सड्यांवर पावसाळ्यात फुलणारी सीतेची आसवं जेमतेम सेंटिमीटरभर असतात, आणि कुंपणावरची कळलावी तळहाताएवढी. दोन्ही फुलंच! म्हणून दुकानात जाण्याआधी पट्टी घेऊन विषयाची रुंदी मोजा.

६×६ सेंटिमीटर म्हणतो ती निगेटिव्ह प्रत्यक्षात 56 मिलिमीटरची. 56 ला त्या रुंदीने भागा. 11 सेंटिमीटरची कळलावी फ्रेमभर हवी तर भागाकार येतो साधारण अर्धा, म्हणजे 1:2, फिल्मवर फूल निम्म्या आकाराचं. आता हा अर्धा लेन्सच्या फोकल लेंग्थने गुणा. 80 मिलिमीटरची लेन्स असेल तर ती फिल्मपासून 40 मिलिमीटर पुढे सरकायला हवी. हॅसलब्लाड कॅमेऱ्याच्या 32 आणि 8 च्या ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) जोडल्या की झाले 40. लेन्सच्या स्वतःच्या फोकसिंगमधूनही थोडं मिळतं, ते वरकड. फक्त ट्यूब लावता-काढताना शटर कॉक केलेलं (चावी दिलेलं) असू द्या, नाहीतर कॅमेरा जाम होतो.

सीतेच्या एकट्या आसवाने फ्रेम भरायची तर पाचपटीच्या पुढे जावं लागेल. त्या नादी लागू नका. 1:1 वर साडेपाच सेंटिमीटरचा चौकोन मिळतो, त्यात फुलांचा झुबका घ्या. फोटोही बहुधा तोच चांगला येतो.

ज्याच्याकडे अजून काहीच नाही, त्याला मी मामिया आरबी 67 सुचवीन. बेलोज (लेन्स पुढे सरकवणारा घड्यांचा भाता) अंगातच आहे, 46 मिलिमीटर ताणलं जातं. 90 ची लेन्स लावली की काही विकत न घेता 1:2 हातात. वजन मात्र अडीच किलोच्या वर, तेव्हा दणकट ट्रायपॉडचे पैसे आधीच बाजूला काढा.

यशिका, रोलायफ्लेक्स अशा दोन लेन्सच्या कॅमेरेवाल्यांची अडचण वेगळी. बघायची लेन्स वर, फोटो काढणारी खाली, त्यामुळे जवळून चौकट सरकते. रोलायनार या क्लोजअप भिंगांच्या जोडीत वरच्या भिंगाला प्रिझम देऊन ही चूक बरीचशी सावरलेली आहे. क्लोजअप भिंगाने उजेडही घटत नाही. पण +2 चं भिंग 80 च्या लेन्सवर, फोकस अनंतावर ठेवून, सुमारे 35 सेंटिमीटरची चौकट देतं. पूजेच्या ताटाला पुरे, फुलाला नाही.

खास मॅक्रो लेन्स, म्हणजे 120 ची माक्रो-प्लानार वगैरे, घ्यावी का? पणजीतल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत अझुलेजो (पोर्तुगीज चित्रांच्या फरशा) आहेत, तशा सपाट टाइल, नाणी, जुने कागद टिपायचे असतील तर जरूर घ्या. तिथे कोपरे मधल्याइतकेच धारदार लागतात. फुलाचे कोपरे तसेही धूसरच असतात. त्यासाठी एवढा खर्च मला पटत नाही.

आता उजेड. लेन्स पुढे गेली की फिल्मवर प्रकाश कमी पडतो, आणि उजेड मोजायच्या हातातल्या मीटरला ते कळत नाही. मघाच्या भागाकारात एक मिळवा, वर्ग करा, तितक्या पट उजेड द्या: 1:2 ला सव्वादोन पट, एका स्टॉपपेक्षा (दुप्पट उजेड म्हणजे एक स्टॉप) किंचित जास्त, 1:1 ला चौपट, पुरते दोन स्टॉप. आरबीच्या कडेला याची पट्टी छापलेलीच आहे. शिवाय लांब वेळेला फिल्म मंदावते, म्हणून ढगाळ दिवशी हिशेब 4 सेकंदांवर गेला तर एचपी 5 या फिल्मला 6 द्यावे लागतात.

जुनं बेलोज घेताना अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून घड्यांचे कोपरे तपासा. आपल्या दमटपणात ते आधी तिथेच फाटतं. लेन्समध्येही टॉर्च मारा, बुरशीचे धागे दिसले तर स्वस्त असली तरी सोडून द्या.

राहिला वारा. सड्यावर तो थांबत नाही, आणि 1:2 ला एफ 16 एवढ्या बारीक छिद्रावरही जेमतेम सेंटिमीटरभर खोली स्पष्ट येते. मी छोटा फ्लॅश वापरतो. या कॅमेऱ्यांच्या लेन्समधलं लीफ शटर (पाकळ्यांसारखं उघडणारं) सगळ्या वेगांना फ्लॅशशी जुळतं, हॅसलब्लाडचं 1/500 पर्यंत. मात्र तो सव्वादोन पटीचा हिशेब फ्लॅशलाही लागू आहे.