डॉक वॉटसन : डीप गॅपचे गिटारवादक

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला एका गिटारवादकाविषयी बोलायचे आहे. त्यांचे नाव डॉक वॉटसन. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिम भागात, ॲपलाशियन डोंगररांगांत, डीप गॅप नावाची एक छोटी वस्ती आहे. तेथे 3 मार्च 1923 रोजी त्यांचा जन्म झाला, आणि सारे जग फिरूनही राहायला ते शेवटपर्यंत तेथेच राहिले. 29 मे 2012 रोजी, वयाच्या 89 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. लोकसंगीत आणि ब्लूग्रास, म्हणजे बॅन्जो-फिडलसारख्या तंतुवाद्यांवरचे अमेरिकी ग्रामीण संगीत, या दोन्ही क्षेत्रांत आज जो कोणी गिटार हातात घेतो, तो कळत नकळत डॉक वॉटसन यांच्याकडून काहीतरी घेऊनच वाजवत असतो, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

डोळ्यांच्या संसर्गामुळे पहिला वाढदिवस येण्यापूर्वीच त्यांची दृष्टी गेली होती. ही गोष्ट आरंभीच सांगतो, कारण त्यांच्याविषयीचे पुष्कळसे कौतुक ‘अंध असूनही’ या शब्दांनी सुरू होते, आणि तसे ते होऊ नये असे माझे ठाम मत आहे. त्यांच्या वडिलांचेही बहुधा तेच मत असावे. मुलगा चौदा वर्षांचा झाला, तेव्हा वडिलांनी त्याला दोघांनी मिळून ओढायच्या मोठ्या करवतीच्या एका टोकाला उभे केले आणि लाकूड कापायला लावले. आपणही जगात काही उपयोगाचे आहोत, ही जाणीव त्या करवतीने दिली, असे डॉक पुढे आयुष्यभर सांगत असत. अपंग मुलाला जपावे हे खरेच. परंतु त्याच्या हातात हत्यार द्यावे, काम द्यावे, आणि ते काम चांगले झाले की त्याचा मोबदलाही द्यावा, हे त्याहून मोलाचे आहे, आणि आपल्याकडील पालकांनीही हे मनावर घ्यावे असे मला फार वाटते.

घर गाणाऱ्यांचे होते. वडिलांनी स्वतःच्या हाताने एक बॅन्जो, म्हणजे गोल, कातड्याने मढवलेले तंतुवाद्य, तयार करून दिला, त्याला मढवलेले कातडे एका मेलेल्या मांजराचे होते, आणि त्याच बॅन्जोवर मुलाचा हात बसला. गिटारचे पहिले सूर त्याला रॅले येथील अंधशाळेतल्या एका सोबत्याने दाखवले. पुढे वडिलांनी दोघा भावांना सांगितले, की शेताच्या कडेची वाळलेली चेस्टनटची झाडे तोडा, ते लाकूड चामडे कमावण्याच्या कारखान्याला विकता येईल. त्या काळात एका बुरशीच्या रोगाने अमेरिकेतील चेस्टनटची झाडे मोठ्या प्रमाणावर मरत होती. ही झाडेही तशीच उभ्याउभ्या वाळलेली होती. दोघांनी ती तोडली. भावाने आपल्या वाट्याच्या पैशांत नवा सूट घेतला, आणि डॉकनी सिअर्स या टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानाकडून दहा डॉलरची गिटार मागवली. 1989 मध्ये एका रेडिओ मुलाखतीत त्यांनी हे स्वतः सांगितले आहे.

रेडिओचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, त्यांचे ‘डॉक’ हे नावही रेडिओनेच दिलेले आहे. मूळ नाव आर्थेल. तरुणपणी एका थेट प्रक्षेपणाच्या वेळी निवेदकाला ते नाव अवघड वाटले, काहीतरी सोपे नाव हवे असे तो म्हणाला, आणि समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी कोणीतरी ओरडले, की याला डॉक म्हणा. तेच नाव कायम झाले.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा विषय निवडला, तो प्रसंग सांगतो. तो 1960 सालचा आहे.

त्या वर्षी डॉक 37 वर्षांचे होते. पत्नी रोझा ली आणि दोन मुले, मर्ल आणि नॅन्सी, असा संसार होता. पियानो सुरात लावून देण्याचे काम ते करीत, बून या जवळच्या गावी रस्त्याच्या कोपऱ्यावर गिटार वाजवून चार पैसे मिळवीत, आणि गेली सात-आठ वर्षे जॅक विल्यम्स नावाच्या पियानोवादकाच्या नृत्यवृंदात साथीला होते. तेथे ते वाजवीत असत ती विजेवर चालणारी गिटार, गिब्सन कंपनीची लेस पॉल. श्रोत्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी: विजेवर चालणारी गिटार. त्या वृंदात फिडल वाजवणारा, म्हणजे आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो ते वाजवणारा, कोणी नव्हता. गावकऱ्यांना मात्र चौकोनी नाच, म्हणजे चार जोड्यांनी चौकोन करून नाचायचा नाच, करायचा असे, आणि त्या नाचाच्या चाली साऱ्या फिडलच्या. मग विल्यम्स यांनी डॉकना सांगितले, की त्या चाली तुम्हीच गिटारवर वाजवा. डॉकनी त्या बसवल्या. फिडलचा गज ज्या वेगाने फिरतो त्या वेगाने, एकही सूर न गाळता, त्यांनी त्या गिटारवर आणल्या. ही केवळ पोटापाण्याची सोय होती. आपण काही नवे घडवीत आहोत, याची कल्पना ना त्यांना होती ना नाचणाऱ्यांना.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये राल्फ रिंझलर नावाचा, शहरात वाढलेला, मेंडोलिन वाजवणारा आणि जुन्या संगीताने झपाटलेला एक तरुण नॉर्थ कॅरोलायनातील युनियन ग्रोव्ह येथील फिडलवादकांच्या मेळाव्याला आला होता. तेथे त्याची गाठ क्लॅरेन्स ॲशली यांच्याशी पडली. ॲशली यांची 1929 मधली एक ध्वनिमुद्रिका 1952 साली निघालेल्या जुन्या लोकगीतांच्या संग्रहात आली होती, आणि शहरातल्या रसिकांना ती पाठ होती. परंतु तो माणूस हयात असेल असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. रिंझलरने त्यांना गाण्यासाठी राजी केले, आणि सप्टेंबरमध्ये आपल्या एका सहकाऱ्याबरोबर ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन तो टेनेसी राज्यातील शाउन्स येथे ॲशली यांच्या घरी पोहोचला. ॲशली यांनी साथीसाठी आसपासचे वादक जमवले होते. त्यांत होते डॉक वॉटसन, आणि त्यांच्या हाती होती ती लेस पॉल.

रिंझलर निराश झाला. तो आला होता जुन्या डोंगरी संगीतासाठी, आणि समोर हा विजेची गिटार घेतलेला माणूस. त्याने सांगितले, की हे चालणार नाही, साधी लाकडी गिटार हवी. डॉकनी उत्तर दिले, की माझ्याकडे साधी गिटार नाही, आणि ज्या वाद्याची सवय नाही असे उसने वाद्य घेऊन मी ध्वनिमुद्रणाला बसणार नाही. श्रोतेहो, दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, असे मला वाटते. रिंझलरला जुने जपायचे होते. डॉक हे धंद्याने वादक होते. आपल्या हाताखालचे वाद्य कोणते असावे हे ठरवण्याचा त्यांचा हक्क होता, आणि तो त्यांनी सोडला नाही. गोष्ट तेथेच अडली.

दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणासाठी सर्व मंडळींना व्हर्जिनियातील सॉल्टव्हिल येथे, ॲशली यांच्या मुलीच्या घरी जायचे होते. एक उघडी मालवाहू गाडी होती. डॉक पुढे, चालकाच्या बाजूला बसले होते, आणि मागे उघड्यावर बसून रिंझलर वाटभर बॅन्जो वाजवीत होता. पुढे बसलेल्या माणसाच्या कानावर तो बॅन्जो पडत होता. वाटेत कोठेतरी गाडी थांबली. डॉक खाली उतरले, मागच्या बाजूला आले, वर चढले, आणि तो बॅन्जो जरा माझ्याकडे दे पाहू, असे त्यांनी रिंझलरला सांगितले. रिंझलरने बॅन्जो दिला.

आणि डॉक वाजवू लागले. आदल्या दिवशी ज्याला रिंझलरने नाकारले होते, त्याच माणसाच्या बोटांतून ते संगीत निघाले, जे शोधत रिंझलर शेकडो मैल आला होता. लहानपणी वडिलांनी करून दिलेल्या बॅन्जोवर बसलेला हात होता तो. मध्ये इतकी वर्षे विजेच्या गिटारवर गेली, तरी तो हात काही विसरला नव्हता. रिंझलर थक्क झाला. त्याने विचारायला सुरुवात केली, डॉक सांगू लागले, आणि हळूहळू उलगडत गेले, की या माणसाच्या घरीच जुन्या गीतांचा केवढा साठा आहे: आई गाते, सासरे गेदर कार्लटन हे उत्तम फिडलवादक आहेत, पत्नी गाते. ती गीते आता कोणी ऐकत नाही, ती ऐकायला बाहेरगावाहून कोणी येईल हे संभवत नाही, अशीच डॉक यांची समजूत होती. रेडिओवर जे चालते, नाचात जे मागतात, ते वाजवून घर चालवायचे, एवढाच त्यांचा हिशेब होता, आणि तो हिशेब प्रामाणिक होता.

पुढे उसनी लाकडी गिटार आली, डॉकनी ती वाजवली, आणि जे विजेच्या गिटारवर नाचासाठी बसवले होते ते लाकडी गिटारवर आले. मार्च 1961 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ॲशली यांच्याबरोबर त्यांचा कार्यक्रम झाला. 1963 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते गायले. 1964 मध्ये त्यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली. रिंझलरने पुढील काही वर्षे त्यांचे कार्यक्रम ठरवण्याची जबाबदारी घेतली, आणि याच रिंझलरने 1967 मध्ये वॉशिंग्टनचा स्मिथसोनियन लोकजीवन महोत्सव सुरू करण्यात पुढाकार घेतला. एका मालवाहू मोटारगाडीच्या मागच्या भागात, एका बॅन्जोवरून, हे सारे सुरू झाले. पुन्हा सांगतो: जुने शोधायला आलेल्या माणसाला ते सापडले, पण ज्या वाद्याला त्याने नकार दिला होता त्याच वाद्यावर ते नवे होऊन वाढले होते.

या वादनात विशेष काय, ते थोडक्यात सांगतो. सरोदवादक जसा जवा धरतो, तसा एक छोटा चपटा तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून तारेवर एक आघात खाली, एक आघात वर, असे अखंड वाजवत जायचे. डॉकच्या आधीही असे वाजवणारे होते. परंतु ब्लूग्रासमध्ये आणि जुन्या तंतुवाद्यवृंदांत गिटारचे मुख्य काम ताल धरण्याचे होते, आणि चाल वाजवायची ती फिडलने, बॅन्जोने, मेंडोलिनने. गिटारला पुढच्या रांगेत बसवले ते डॉकनी. एवढ्या वेगातही प्रत्येक सूर सुटा आणि गोल ऐकू येतो. वेगवान वादक आज अनेक आहेत, त्यांच्या वेगाची मोजदादही होते. पण वेग हे डॉक यांच्या वादनाचे मोठेपण नाही. चाल गाता यावी तशी ती त्यांच्या गिटारवर ऐकू येते, आणि गाणे सुरू झाले की गिटार मागे सरून शब्दांना वाट देते, हे मोठेपण आहे.

स्वतःची गीते त्यांनी थोडी केली. रोझा ली आणि त्यांनी मिळून केलेले एक गीत मात्र मला फार प्रिय आहे: दीर्घ सहवासानंतर पतिपत्नींपैकी एकाने पुढे जायचे आहे, इतकाच त्याचा विषय. गायक रॉबर्ट प्लांट आणि गायिका ॲलिसन क्राउस यांनी 2007 मध्ये ते पुन्हा गायले. डॉक गेले त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, रोझा लीही गेल्या.

साथीदारांविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 1964 मध्ये डॉक दौऱ्यावर असताना मुलगा मर्ल घरी गिटार शिकला. पहिले सूर आईने दाखवले. आणि थोड्याच महिन्यांत तो वडिलांबरोबर रंगमंचावर बसला. पुढची दोन दशके तोच त्यांचा साथीदार, चालक आणि सोबती होता. 23 ऑक्टोबर 1985 रोजी ट्रॅक्टरच्या अपघातात मर्ल गेला. त्याच्या स्मरणार्थ 1988 पासून विल्क्सबरो येथील महाविद्यालयाच्या आवारात दरवर्षी संगीतमेळा भरतो. मर्ल हा केवळ मोठ्या बापाचा मुलगा नव्हता, तो फार समंजस वादक होता, विशेषतः गिटारच्या तारांवर काच सरकवून वाजवायच्या पद्धतीत. संगत करणाऱ्याचे नाव प्रत्येक प्रक्षेपणात, गाण्याआधी आणि गाण्यानंतर, स्पष्ट उच्चारले गेले पाहिजे; वेळ कमी पडला तर एक जाहिरात कमी करावी, पण ते नाव गाळू नये. हे मी आपल्याकडील तबलावादक आणि हार्मोनियमवादक यांच्या बाबतीतही म्हणतो.

पुरस्कार पुष्कळ मिळाले. ग्रॅमी सात, 1997 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते राष्ट्रीय कलापदक. बून गावात, ज्या रस्त्यावर ते पैशांसाठी वाजवीत असत, तेथे 2011 मध्ये त्यांचा पुतळा बसवला गेला, आणि आपण लोकांपैकीच एक होतो एवढेच त्यावर लिहावे, अशी इच्छा त्यांनी स्वतः कळवली. तसेच लिहिले आहे.

ज्या श्रोत्यांना त्यांना ऐकायचे असेल, त्यांनी 1964 ची ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकावी, आणि त्यानंतर आई, पत्नी व सासरे यांच्याबरोबरची त्यांची 1963 मध्ये निघालेली घरगुती मुद्रणे. तरीही मन भरले नाही, तर 2002 मध्ये वादक डेव्हिड होल्ट यांच्याबरोबर केलेला ध्वनिमुद्रणांचा संच मिळवावा. त्यात गाण्यांच्या मधून मधून डॉक आपले बालपण, वडील आणि तो बॅन्जो यांविषयी स्वतः सविस्तर बोलतात. त्यांचा बोलण्याचा आवाजही गाण्याइतकाच ऐकण्यासारखा आहे.

नमस्कार.